नोकरी सोडून गेलेल्याचा लॅपटॉप तपासून देणारी सेवा: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

माणूस राजीनामा देऊन थेट स्पर्धकाकडे गेला आणि महिन्याभरात जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे सरकायला लागली, की कंपनीत पहिलं वाक्य ऐकू येतं: ‘त्याचा लॅपटॉप काढा.’ आयटी विभागाचं उत्तरही ठरलेलं: ‘तो तर फॉरमॅट करून नव्या माणसाला दिला.’ डिजिटल फॉरेन्सिकवाल्यांना फोन जातो तो यानंतर. बैल गेला आणि झोपा केला.

हा आढावा कुठल्या एका कंपनीचा नाही. ‘डिपार्टिंग एम्प्लॉयी इन्व्हेस्टिगेशन’ या नावाखाली जी सेवा सगळीकडे जवळपास एकाच साच्यात विकली जाते, तिचा आहे. तिच्यात तीन गोष्टी येतात: मशीनची हुबेहूब प्रत म्हणजे इमेज, त्या प्रतीचं विश्लेषण आणि कोर्टात टिकेल असा अहवाल. तिन्ही एकाच कोटेशनमध्ये येतात म्हणून सारख्याच तोलाच्या वाटतात, पण तसं नाही. इमेज डोळे मिटून घ्यावी. विश्लेषण, नेमका प्रश्न ठरला असेल तरच घ्यावं. अहवाल मात्र फार पारखून घ्यावा, कारण या धंद्यातले पुष्कळ जण तिथेच घसरतात आणि हातातली केस जाते.

इमेज: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची

इमेज काढणं म्हणजे फाइल्स कॉपी-पेस्ट करणं नव्हे. डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे साठवणीचा लहानात लहान कप्पा, रिकामा दिसणारासुद्धा, जसाच्या तसा उतरवायचा असतो. मूळ डिस्क आणि तपासनिसाचं मशीन यांच्यामध्ये राइट ब्लॉकर बसवतात, म्हणजे मूळ डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जात नाही. शेवटी मूळ डिस्क आणि प्रत या दोन्हींचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, काढून जुळवतात. हॅशच्या पद्धतींपैकी एमडी५ आणि एसएचए-१ जुन्या झाल्या, एसएचए-२५६ मागून घ्यावा. एक टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने उतरवायला सुमारे ८५ मिनिटं लागतात आणि पडताळणीला साधारण तेवढीच. म्हणजे काम अर्ध्या दिवसाचं. एफटीके इमेजर हे इमेज काढायचं साधन फुकट मिळतं, ऑटॉप्सी हे विश्लेषणाचं साधन मुक्त स्रोत आहे. तेव्हा सेवेचे पैसे जातात ते माणसाच्या हाताला आणि कागदपत्रांच्या शिस्तीला. ‘आमच्याकडे महागडं सॉफ्टवेअर आहे’ हे ऐकून भारावून जाऊ नये.

बिघडतं कुठे? पहिली अडचण बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करण्याच्या सोयीची. डिस्क काढून इमेज घेतली, हॅश जुळला, सगळं रीतसर झालं, आणि आत निव्वळ कूटबद्ध कचरा. उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा कंपनीच्या डिरेक्टरीत त्या मशीनच्या नोंदीला जोडलेली असते. माणूस गेल्यावर आयटीवाले ‘साफसफाई’ म्हणून ती नोंदच उडवतात, आणि तिच्याबरोबर कीही जाते. चांगला सेवादार इमेजला हात घालण्याआधी की मागतो. न मागणारा पहिल्याच परीक्षेत नापास.

दुसरी अडचण मॅकची. टी२ चिप असलेल्या किंवा ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या मशीनमध्ये साठवण त्या चिपशी बांधलेली आणि कूटबद्ध असते. ती काढून दुसरीकडे जोडण्यात अर्थ नाही. मशीन चालू करून, पासवर्ड देऊन, आतूनच प्रत घ्यावी लागते. म्हणून लॅपटॉप परत घेताना पासवर्ड लिहून घेणं आणि समोरच लॉगिन करून पाहणं हे एचआरच्या यादीत असलंच पाहिजे. पासवर्डचं नावही न काढता कोणी ‘मॅकचीही सेक्टर-टू-सेक्टर इमेज देतो’ म्हणत असेल, तर त्याने अलीकडे मॅक हाताळलेला नाही असं खुशाल समजावं.

तिसरी गोष्ट एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कची. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेली फाइल महिनोन्‌महिने परत मिळू शकायची. एसएसडीवर ट्रिम नावाची आज्ञा पुसलेली जागा पार्श्वभूमीत मोकळी करत राहते. मशीन नुसतं चालू ठेवलं तरी पुरावा झिजतो. त्यामुळे ‘डिलीट केलेलं सगळं परत आणून देऊ’ ही जाहिरात आज बव्हंशी पोकळ आहे.

आणि सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो घरातलाच उत्साही माणूस. फॉरेन्सिकवाले येण्याआधी साहेब किंवा आयटीवाला ‘जरा बघतो’ म्हणून लॉगिन करतो, चार फोल्डर उघडतो. त्या चार फोल्डरांच्या नोंदी आता गेलेल्या माणसाच्याच खात्याखाली, तो गेल्यानंतरच्या तारखेने उमटलेल्या असतात. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येतो: राजीनाम्यानंतर मशीन कोणाकोणाच्या हातात होतं? याचं उत्तर म्हणजे ताब्याचा तक्ता, ज्याला सगळे ‘चेन ऑफ कस्टडी’ म्हणतात: मशीनचा सिरीयल नंबर, कोणी दिलं, कोणी घेतलं, तारीख, वेळ, सीलबंद पिशवीचा क्रमांक, सही. एका पानाचा कागद, पण तो नसेल तर बाकीची शंभर पानं डळमळतात.

शिफारस अशी: संशोधन, विक्री, किंमत ठरवणं, सोर्स कोड, खरेदी अशा नाजूक जागांवरचा माणूस गेला की संशय असो वा नसो, शेवटच्या दिवशीच मशीन बंद करून इमेज घ्यावी आणि कपाटात ठेवावी, वर्षभर तरी. विश्लेषण तेव्हा करू नये. गरज पडली तरच करावं.

पेनड्राइव्हचा माग: एक नमुना जवळून

विंडोज कॉपी केल्याची नोंद ठेवत नाही. हे वाक्य विकत घेणाऱ्याने पाठ करून ठेवावं, कारण सगळ्या गैरसमजांचं मूळ तिथे आहे. फाइल कोणी वाचली याची नोंद सुरक्षा लॉगमध्ये यावी असं वाटत असेल, तर त्या फोल्डरवर ऑडिटिंग आधीपासून चालू केलेलं असावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते नसतं. मग तपासनीस करतो ते पावलांच्या ठशांवरून चाल ओळखण्याचं काम.

उदाहरणादाखल एक शेवटचा शुक्रवार घ्या. विंडोज नवीन उपकरण बसवतं तेव्हा सेटअप-एपीआय नावाच्या लॉगमध्ये ओळ पडते: १८:४२. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, यूएसबीस्टोर या शाखेखाली त्याच पेनड्राइव्हची कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबर सापडतो, आणि शेवटी जोडल्याची वेळ दिसते १३:१२. दोन वेळा जुळत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. लॉग स्थानिक वेळेत लिहिला जातो, रजिस्ट्री यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. साडेपाच तासांचा हिशेब केला की दोन्ही एकच क्षण. पण अहवालात या दोन वेळा न बदलता शेजारी शेजारी ठेवल्या, तर समोरचा वकील तेवढ्यावरच अर्धा तास खेळतो.

पुढे ‘रीसेंट’ फोल्डरमध्ये एक शॉर्टकट फाइल, बोलीत लिंक फाइल, सापडते. तिच्यात लिहिलेलं असतं: ई ड्राइव्ह, काढता येणारा, व्हॉल्यूमचा क्रमांक अमुक, फाइलचं नाव दरपत्रक, फाइल तयार झाल्याची वेळ १८:५१, फाइल शेवटी बदलल्याची वेळ दोन महिन्यांपूर्वीची. आधी बदलली आणि मग जन्मली? असं दिसतं ते फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी झाल्यावर. नव्या जागी ‘तयार झाल्याची’ वेळ कॉपीची लागते, ‘बदलल्याची’ वेळ जुनीच राहते. म्हणजे १८:५१ ला दरपत्रक पेनड्राइव्हवर उतरलं असं म्हणायला भक्कम आधार मिळतो.

यातली गंमत अशी की ही लिंक फाइल कॉपी करताना तयार होत नाही. नीट उतरलं का हे पाहायला त्याने पेनड्राइव्हवरून फाइल उघडली, म्हणून ती तयार झाली. न उघडता ड्राइव्ह काढून घेणारा माणूस हा ठसा मागे ठेवतच नाही.

याच्या जोडीला शेलबॅग्ज येतात: एक्स्प्लोररमधून कोणते फोल्डर पाहिले याच्या नोंदी, ड्राइव्ह निघून गेल्यावरही टिकणाऱ्या. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरांची नावं त्यातून कळतात, आणि लोक फोल्डरांना नावं देताना फारसे सावध नसतात. प्रीफेचमधून कोणता प्रोग्राम कितीदा आणि अलीकडे केव्हा चालला हे दिसतं. विंडोज ८ पासून शेवटच्या आठ वेळा नोंदल्या जातात. पुसण्याचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची फजिती इथे होते. फाइल्स जातात, पण ‘पुसणारा प्रोग्राम शेवटच्या दिवशी रात्री तीनदा चालला’ ही नोंद मागे राहते, आणि न्यायाधीशासमोर ती कधी कधी मूळ फाइलपेक्षा जड ठरते. एसआरयूएम या नोंदवहीत कोणत्या ॲपने नेटवर्कवरून किती बाइट्स पाठवले हे तासागणिक सापडतं, पण साधारण महिनाभराचंच. राजीनाम्यानंतर तीन महिने थांबून, मधल्या काळात मशीन दुसऱ्याला वापरायला देऊन, मग आलात तर ते पान कोरं.

दोन खाचखळगे. सिरीयल नंबरातलं दुसरं अक्षर ‘अँड’चं चिन्ह असेल, तर तो नंबर पेनड्राइव्हचा स्वतःचा नसतो. उपकरणाला नंबर नसल्यामुळे विंडोजने तो बनवलेला असतो. अशा वेळी ‘जप्त झालेला हाच तो पेनड्राइव्ह’ असं नुसत्या नंबरावरून म्हणता येत नाही. दुसरं, मोबाइल केबलने जोडून त्यात फाइल्स ओढल्या तर त्याला ड्राइव्हचं अक्षरच मिळत नाही आणि यूएसबीस्टोरमध्ये तो दिसत नाही. नोंदी दुसरीकडे असतात आणि पुष्कळ कमी बोलतात. ‘यूएसबी तपासली, काही नाही’ एवढंच सांगणाऱ्या अहवालाला विचारावं: आणि फोन?

अहवालाची भाषा

इथे सर्वात जास्त वेळ घालवावा. कोटेशनवर सही करण्यापूर्वी नावं झाकलेला एक जुना अहवाल वाचायला मागा. त्यात ‘कॉपी केली’, ‘चोरली’, ‘बाहेर पाठवली’ ही क्रियापदं कशी वापरली आहेत ते पाहा. ‘अमुक ड्राइव्हवरून अमुक वेळी ही फाइल उघडली गेली’ हे निरीक्षण झालं. ‘कर्मचाऱ्याने गोपनीय माहिती चोरली’ हा निकाल झाला, आणि निकाल देणं तपासनिसाचं काम नाही. पक्षकाराला खूष करायला निकाल लिहिणारा तपासनीस साक्षीच्या पिंजऱ्यात दहा मिनिटांत मान्य करतो की फाइल उघडणारा माणूस तोच होता हे त्याला माहीत नाही, फक्त त्याचं खातं उघडं होतं एवढंच माहीत आहे. मग अहवालातली खरी, पक्की निरीक्षणंही संशयाच्या छायेत जातात.

फसवे आकडे ओळखायला शिकावं. ‘शेवटच्या आठवड्यात ४,००० फाइल्स डाउनलोड’ हे ऐकायला भयंकर, पण नव्या मशीनवर क्लाउडचा सिंक क्लायंट लावला की तो स्वतःच हजारो फाइल्स खाली ओढतो आणि लॉगमध्ये प्रत्येकाची नोंद पडते. माणसाने बटण दाबून उतरवलेली फाइल आणि सिंकने ओढलेली फाइल या नोंदी वेगळ्या नावाने येतात. अहवालात त्या वेगळ्या केल्या आहेत का? तसंच ‘शेवटी उघडल्याची वेळ’. अँटिव्हायरस, बॅकअप, इंडेक्सिंग यांच्यामुळेही ती बदलू शकते, आणि विंडोजच्या कित्येक आवृत्त्यांत ती नोंदवणं मुळात बंदच ठेवलेलं होतं. निव्वळ तिच्यावर रचलेला निष्कर्ष वाळूवरचा.

चांगल्या अहवालात प्रत्येक निष्कर्षाशेजारी तो कुठून काढला ते असतं: कोणती फाइल, कोणती शाखा, कोणता वेळविभाग. त्यात पर्यायी खुलाशाची जागाही असते: हा पेनड्राइव्ह त्याने वर्षभर रोज वापरला होता का? कंपनीनेच दिला होता का? रोजच्या सवयीशी ताडून न पाहता फक्त शेवटचा आठवडा दाखवणारा अहवाल अपुरा. किमान ९० दिवसांची तुलना मागावी.

आणि सही कोणाची? विकणारे भागीदार एक, प्रत्यक्ष काम करणारा शिकाऊ दुसरा, सही तिसऱ्याची, असा प्रकार सर्रास चालतो. साक्षीला जो उभा राहणार त्यानेच इमेजला हात लावलेला असावा. भारतात भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६३, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतचं प्रमाणपत्र त्यात दोन भागांत असतं, एक भाग नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅशही नमूद करावा लागतो. आधीच्या कायद्यातल्या ६५-ब प्रमाणपत्राशिवाय दुय्यम प्रत पुराव्यात घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केलं होतं. प्रमाणपत्राचा मसुदा अहवालाबरोबर येतो की ‘तुमच्या वकिलाला विचारा’ म्हणतात, यावरून सेवादाराची तयारी कळते.

क्लाउड: घड्याळ लावलेला पुरावा

लॅपटॉप कपाटात ठेवता येतो, क्लाउडचे लॉग ठेवता येत नाहीत. ते ठरल्या दिवशी आपोआप जातात. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा सामान्य ऑडिट लॉग १८० दिवस राहतो, वरच्या परवान्यात वर्षभर. वापरकर्ता काढून टाकला की त्याची मेलपेटी साधारण ३० दिवस परत आणता येते, वनड्राइव्हही मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस. गुगल वर्कस्पेसमध्ये काढलेलं खातं २० दिवसांत परत आणायचं, नंतर संपलं. गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेच्या ऑडिट लॉगमध्ये क्लोन (कोडची पूर्ण प्रत उतरवणं), पुश (बदल वर चढवणं) यांसारख्या घटना फक्त सात दिवस टिकतात. सोर्स कोड हेच ज्यांचं गुपित, त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा: सात दिवस. हे लॉग बाहेर काढून स्वतःच्या साठवणीत रोज उतरवण्याची सोय नसेल, तर कितीही नावाजलेला तपासनीस आणा, तो हात हलवत परत जाईल.

म्हणून सेवा निवडताना ‘पहिल्या फोननंतर किती तासांत क्लाउडचं होल्ड, म्हणजे काहीही पुसलं जाऊ नये असा रोख, लावता?’ हे विचारा. लॅपटॉप उद्या आला तरी चालेल, होल्ड आज लागलं पाहिजे. खाती बंद करावीत, पुसू नयेत. परवान्याचे थोडे पैसे वाचवायला खातं पुसलं जातं आणि त्याची किंमत नंतर कळते.

जे या सेवेत मिळतच नाही

स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो. त्याचा लॅपटॉपवर कसलाही ठसा राहत नाही. वैयक्तिक फोन मालकाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय तपासता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणाऱ्या सेवादारापासून चार हात लांब राहावं. कंपनीच्या मशीनवरही सगळं वाचायला मोकळीक नसते. युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये बार्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया या प्रकरणात, कर्मचाऱ्याला आधी पुरेशी सूचना न देता त्याचे संदेश वाचणं हा खासगीपणाचा भंग मानला. देखरेखीची लेखी सूचना आणि तिच्यावर कर्मचाऱ्याची सही हा कागद इमेजइतकाच गरजेचा. त्याहून नाजूक बाब: ब्राउझरमध्ये त्याची खासगी मेल साठून राहिलेली असते, आणि त्यात त्याने स्वतःच्या वकिलाला लिहिलेली पत्रं असू शकतात. ती वाचली गेली तर वाचणाऱ्या बाजूच्या वकिलालाच केसमधून बाजूला व्हावं लागण्याची वेळ येते. अशी पत्रं आधीच वेगळी काढणारी चाळणी सेवेत आहे का, हे करारात लिहून घ्यावं.

मुख्य म्हणजे, जे नेलं ते गुपित होतं का, याचं उत्तर कोणताही तपासनीस देऊ शकत नाही. बौद्धिक संपदेवरच्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स कराराच्या ३९ व्या कलमात व्यापार-गुपिताच्या तीन कसोट्या आहेत: माहिती सहज उपलब्ध नसावी, गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मोल असावं, आणि ती गुप्त ठेवायला मालकाने रास्त पावलं उचललेली असावीत. अमेरिकेचा २०१६ चा कायदा आणि युरोपीय संघाचा त्याच वर्षीचा निर्देश याच चौकटीत बसतात. भारतात स्वतंत्र कायदा नाही. करार, विश्वासभंगाचं तत्त्व आणि कॉपीराइट यांच्या आधारे मनाई हुकूम मागितला जातो, आणि विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात वेगळा कायदा सुचवला आहे. खटला कोसळतो तो बहुधा तिसऱ्या कसोटीवर. दरपत्रक प्रत्येक वितरकाला साध्या मेलवर जात होतं, सामायिक ड्राइव्हवर सगळ्या ऑफिसला उघडं होतं, ‘गोपनीय’ हा शिक्का कँटीनच्या मेनूवरही होता. अशा ठिकाणी १८:५१ ची ती सुंदर लिंक फाइल काय कामाची? साप साप म्हणून भुई धोपटण्यापैकी.

आणि डोक्यातलं ज्ञान? इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९८६ मध्ये फॅसेंडा चिकन प्रकरणात सांगितलं की नोकरी संपल्यावर खरं व्यापार-गुपित तेवढं राखीव, कामातून अंगी मुरलेलं कसब माणसाचं स्वतःचं. त्या खटल्यात गिऱ्हाइकं, मार्ग आणि दर यांची माहितीही गुपितात बसली नाही. उलट अमेरिकेत १९९५ च्या पेप्सिको विरुद्ध रेडमंडमध्ये एकही फाइल नेल्याचा पुरावा नसताना, नव्या जागी जुनी माहिती वापरली जाणं अटळ आहे एवढ्यावर मनाई मिळाली. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांनी हे ‘अटळ उघडकी’चं तत्त्व नाकारलं आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरीनंतर स्पर्धकाकडे जाण्यावरची सरसकट बंदी टिकत नाही. त्यामुळे ‘तो तिकडे गेलाच कसा?’ हा प्रश्न फॉरेन्सिकवाल्याला विचारून उपयोग नाही. विचारायचा तो प्रश्न एकच: जाताना काय घेऊन गेला?

वेमोच्या प्रकरणातून घेण्यासारखं

या सेवेची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी पाहायची तर वेमो विरुद्ध उबर. वेमो ही गुगलच्या समूहातली विनाचालक गाड्यांची कंपनी, अँथनी लेवांडोव्स्की तिथले इंजिनिअर. ते बाहेर पडून स्वतःची कंपनी काढतात आणि ती उबर विकत घेते. वेमोच्या दाव्यानुसार लेवांडोव्स्की यांनी डिसेंबर २०१५ मध्ये १४,००० हून अधिक फाइल्स, सुमारे ९.७ जीबी, कंपनीच्या लॅपटॉपवर उतरवल्या, सुमारे आठ तास एसडी कार्ड जोडलं, आणि नंतर लॅपटॉप फॉरमॅट केला. जानेवारी २०१६ मध्ये ते बाहेर पडले. लॅपटॉप पुसलेला असूनही आकडे मिळाले, कारण नोंदी सर्व्हरकडेही होत्या. पण या सगळ्याला गती मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये एका पुरवठादाराकडून चुकून वेमोकडे आलेल्या ईमेलमुळे, ज्याला उबरच्या सर्किट बोर्डाचा आराखडा जोडलेला होता. तपास उत्तम, पण दावा दाखल व्हायला माणूस गेल्यानंतर वर्ष उलटलं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये खटला ऐन सुनावणीत मिटला. उबरने ०.३४ टक्के भागभांडवल दिलं, तेव्हाच्या मूल्याने सुमारे २४.५ कोटी डॉलर. फौजदारी बाजूला ३३ आरोपांपैकी एकाची कबुली, ऑगस्ट २०२० मध्ये १८ महिन्यांची शिक्षा, जानेवारी २०२१ मध्ये अध्यक्षीय माफी.

सेवा विकत घेणाऱ्यासाठी यातला सर्वांत मोठा धडा वेगळाच आहे. उबरने लेवांडोव्स्कींची कंपनी विकत घेण्याआधी त्या व्यवहारासाठी एक फॉरेन्सिक अहवाल करून घेतलेला होता. तो वकील-पक्षकार विशेषाधिकाराखाली झाकून ठेवण्याचा प्रयत्न सप्टेंबर २०१७ मध्ये अपील न्यायालयात फसला आणि अहवाल वेमोच्या हाती गेला. स्पर्धकाकडून माणूस घेताना ‘त्याच्याकडे काय आहे ते आधी तपासून घेऊ’ म्हणून ही सेवा मागवणाऱ्यांनी कोण कोणासाठी तपास करतंय, अहवाल कोणाला जाणार, हे वकिलाकडून आधी लिहून घ्यावं. आणि काही सापडलं तर पुढे काय करायचं याचीही तयारी हवी. अहवाल हातात असताना माणूस कामावर घेतला, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हा बचाव स्वतःच्याच पैशाने विकत घेऊन मोडलेला असतो.

समेटाच्या टप्प्यावर

बहुतेक वाद निकालापर्यंत जात नाहीत. तिसऱ्या, तटस्थ तपासनिसाकडे दोन्ही बाजूंची उपकरणं देऊन, ठरलेले शब्द आणि हॅशची यादी लावून शोध घेतात आणि सापडलेलं काढून टाकतात. सेवेचा हा भाग स्वतंत्रपणे घेण्यासारखा आहे, पण यादी नीट बनवावी. हॅश फक्त हुबेहूब फाइल पकडतो. दरपत्रकात एक आकडा बदलून सेव्ह केलं की हॅश पूर्ण बदलतो. म्हणून फाइलच्या आतले दुर्मीळ शब्द, प्रकल्पाची सांकेतिक नावं, कोडमधल्या विचित्र व्हेरिएबलांची नावं शोधयादीत हवीत. ‘किंमत’, ‘ग्राहक’ असे शब्द टाकले तर दोन लाख निकाल येतात आणि तासांवर बिल लावणाऱ्याचं फावतं. कोटेशन तासांवर असेल तर निकालांची कमाल मर्यादा लिहून घ्या. एका उपकरणाला एक ठोक दर मिळत असेल तर उत्तम.

सोडून जाणाऱ्या माणसानेही ही सेवा स्वतःच्या खर्चाने घ्यावी अशी एक वेळ असते: नोटीस आली आणि घरच्या ड्राइव्हवर जुन्या कंपनीच्या फाइल्स आहेत हे लक्षात आलं. भीतीपोटी त्या डिलीट करण्यासारखी घोडचूक नाही, पुरावा नष्ट केल्याचा ठपका मूळ आरोपापेक्षा महाग पडतो. ड्राइव्ह न उघडता वकिलामार्फत तपासनिसाकडे द्यावा, आधी इमेज सीलबंद व्हावी, मगच मूळ फाइल्स काढून टाकाव्यात. तपासनिसाच्या प्रमाणपत्रावर इमेजचा हॅश, काढलेल्या फाइल्सची यादी आणि प्रत्येक फाइल शेवटी केव्हा उघडली होती (निव्वळ ‘शेवटी उघडल्याच्या वेळे’वरून नव्हे, बाकीच्या ठशांशी ताडून) हे तिन्ही यायला हवं. नोकरी सोडल्यानंतरच्या तारखा त्या रकान्यात नसतील, तर समोरच्या बाजूशी बोलणं तिथून सुरू करता येतं.